घरच्या मेणबत्त्या आता विकायच्या आहेत: वात, सुवास, किंमत यांचं काय करू?

काजवा

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून संध्याकाळी घरी मेणबत्त्या करते. सोयाचं मेण, काचेचे ग्लास, कापसाची विणलेली वात आणि विकतचं सुवासिक तेल. आतापर्यंत ओळखीपाळखीत भेट म्हणूनच दिल्या. आता काहीजणी पैसे देऊन मागायला लागल्यात आणि एकीने घरच्या समारंभासाठी शंभर नग विचारलेत. हो म्हणण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

अडचणी अशा. ग्लास मिळतील तसे घेते, काही अरुंद, काही पसरट. वात मात्र एकाच रिळाची. काही मेणबत्त्यांत मधोमध खोल खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच उभं राहतं. काहींत ज्योत भलती मोठी होते, वातीच्या टोकाला काळा गोळा धरतो आणि ग्लास आतून काळा पडतो. दुसरं म्हणजे, झाकण उघडलं की वास सुरेख येतो, पण पेटवली की खोलीत काही जाणवत नाही. तेल वाढवावं का? तिसरं, काही दिवसांनी वरच्या मेणावर पांढरट नक्षी येते. वर सुकलेली फुलं लावली की ती झाकली जाते आणि दिसतंही छान, मग तसंच करू का?

आणि शेवटचं, किंमत. मैत्रीण म्हणते, सामानाच्या खर्चाच्या दुप्पट लाव. एवढं पुरतं का?

मेणकाम

काजवाताई, शंभर नगांना अजून हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. तारीख विचारून ठेवा, त्यावर शेवटी बोलू.

तुमच्या पहिल्या दोन अडचणी मुळात एकच आहेत, आणि ती वातीची आहे. मेणबत्तीत जळते ती वात नव्हे, मेण. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे किती मेण वर जायचं हे वात ठरवते. अरुंद ग्लासात तीच वात गरजेपेक्षा जास्त मेण ओढते. ते सगळं नीट जळत नाही, मग काजळी धरते आणि टोकाला तुम्ही म्हणता तो काळा गोळा येतो. पसरट ग्लासात तीच वात कमी पडते, कडेपर्यंत मेण वितळवू शकत नाही, म्हणून बोगदा. वास न येण्याचं कारणही बहुतेक वेळा तिथेच सापडतं. सुवास खोलीत पसरतो तो वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून. तळं रुपयाएवढं राहिलं तर तेल कितीही ओता, वास येणार कुठून?

म्हणून आधी ग्लास एक ठरवा. एकच. सपाट बुडाचा, जाड काचेचा, तोंडाशी आत न वळणारा. खाली पोट आणि वर अरुंद गळा असलेल्या बरण्या दिसायला गोड असतात, पण गळ्याशी उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते. त्या ग्लासाचा आतला व्यास मोजा. वात विकणारे कोणत्या व्यासाला कोणता नंबर याचा तक्ता देतात. तो तक्ता फक्त सुरुवातीला उपयोगाचा, कारण त्यांना तुमचं मेण आणि तुमचं तेल माहीत नाही. तक्त्यातला नंबर, त्याच्या खालचा आणि वरचा, असे तीन आणा. मेण तेच, तेल तेच, ग्लास तोच, फक्त वात वेगळी अशा तीन मेणबत्त्या ओता आणि जाळा.

जाळायची पद्धत अशी. वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापायची. वाऱ्याचा झोत नको, पंखा बंद. चार तास जाळायची, विझवायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, पुन्हा वात कापून पुन्हा चार तास. असं तळापर्यंत. प्रत्येक खेपेला वजन, ज्योतीची उंची, तळं कुठवर पोचलं, काजळी आली का, ग्लास बाहेरून किती तापला, हे वहीत लिहायचं. आधीचं वजन वजा नंतरचं, भागिले तास, म्हणजे तासाला किती ग्रॅम मेण जळतं ते कळतं. लेबलवर 'इतके तास चालते' हे त्यावरूनच लिहायचं, अंदाजाने नाही.

बरेचजण इथे घाई करतात म्हणून सांगते: पहिल्याच चार तासांत तळं कडेला भिडलं की ती वात बरोबर, असं धरू नका. मेण खाली जातं तशी ज्योत ग्लासाच्या आत उतरते, काचेच्या भिंती उष्णता धरून ठेवतात आणि मेणबत्ती जास्त तापायला लागते. वरच्या भागात जी वात अगदी झकास वाटते ती अर्ध्याखाली गेल्यावर भडकलेली मी पाहिली आहे. उलट, सुरुवातीला कडेला पातळ पट्टी सोडणारी वात खाली गेल्यावर ती पट्टी स्वतःच साफ करते. तळं साधारण एक सेंटिमीटर खोल असावं. त्याहून बरंच खोल गेलं तर वात मोठी आहे. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ २४१७ या मेणबत्तीच्या सुरक्षेच्या मानकात ज्योतीला ७५ मिलिमीटरची मर्यादा आहे. घरातल्या मेणबत्तीची ज्योत त्याच्या निम्म्यावर पोचली तरी मी ती वात बाद करते.

विणलेल्या वातीची गोष्ट मला फार आवडते. पूर्वीच्या पिळलेल्या वाती ताठ उभ्या राहायच्या, जळलेलं टोक ज्योतीत तसंच राहायचं आणि माणसाला सारखी कात्री घेऊन बसावं लागायचं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या कांबासेरेस यांनी विणलेली वात आणली. विणीमुळे ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला जातं, तिथे हवा मिळते आणि ते जळून जातं. तुमच्या रिळातली वात हेच करते. पण तिच्यावर रंगाचे कण किंवा जास्तीचं तेल साचलं तर तिची वाट बंद होते. म्हणून खडूचे रंग आणि चकाकीची पूड मेणात घालायची नाही, मेणबत्तीसाठीचा विरघळणारा रंगच वापरायचा. वात घेताना धातूची तार असलेली असेल तर ती कशाची आहे ते विचारा. शिशाची तार असलेल्या वाती अमेरिकेत २००३ पासून बंद आहेत. कापसाची किंवा कागदाचा गाभा असलेली वात घेतलीत तर तो प्रश्नच येत नाही.

आता तेल. वाढवू नका. सोयामेणाला वजनाच्या ६ ते ८ टक्के पुष्कळ होतं. काही मेणं १० टक्के धरतात, पण तुमच्या मेणाच्या पत्रकात जी कमाल दिली असेल तिच्या वर कधीच जायचं नाही. जास्तीचं तेल मेणात न मुरता वर घामासारखं येतं आणि वातीत अडकतं. मोजायचं ते काट्यावर, ग्रॅममध्ये. चमच्याने नाही, कारण प्रत्येक तेलाचं वजन वेगळं. मेण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला असताना तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा, फेस न आणता. 'तेलाचा फ्लॅश पॉइंट कमी आहे, म्हणून गरम मेणात वास उडून गेला' असं पुष्कळांच्या तोंडी असतं. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला त्या तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. साठवण आणि वाहतुकीसाठी ते महत्त्वाचं आहे, वास टिकण्या-न टिकण्याशी त्याचा संबंध नाही.

ओतल्यावर झाकण लावून दोन आठवडे विसरून जा. सोयामेण वरून घट्ट झालं तरी आत त्याचे स्फटिक बसायला वेळ घेतात. दुसऱ्या दिवशी पेटवलेली आणि दोन आठवड्यांनी पेटवलेली मेणबत्ती एकाच घाण्यातली, म्हणजे एकदम ओतलेली, असूनही वेगळी जळते. चाचणीचीही मुरवूनच जाळा, नाहीतर निकाल फसवा निघतो.

पांढरी नक्षी हाही त्या स्फटिकांचाच प्रकार. वनस्पतीच्या मेणात ती येतेच, जळण्यावर तिचा काही परिणाम नाही. ग्लास थोडे कोमट करून ओता, एकमेकांपासून अंतरावर ठेवा, हळू थंड होऊ द्या, म्हणजे कमी होईल. गडद रंग घातला तर ती जास्त उठून दिसते. मी तर रंग घालणंच सोडून दिलंय.

फुलं लावू नका. यात मी मागेपुढे पाहणार नाही. सुकलेलं फूल मेण शोषतं आणि दुसरी वात होतं. ज्योत तळ्यावर फिरलेल्या पाकळीला लागली की काचेच्या कडेला आग उभी राहते. फोटोत कितीही सुंदर दिसू दे, दुसऱ्याच्या घरात, त्याच्या पडद्याजवळ ते पेटणार आहे. फुलं हवीतच तर खोक्याला बांधा.

हिशेबाची वही

मी साबण करते, मेणबत्त्या नाही, पण किमतीचं गणित सारखंच. सामानाच्या दुप्पट हे सूत्र ऐकायला सोपं आहे, पण त्यात तुमचा वेळ कुठेच नाही.

एक नग घ्या. ग्लासात एकूण १७० ग्रॅम भरताय आणि तेल मेणाच्या ७ टक्के धरा. म्हणजे मेण १५९ ग्रॅम आणि तेल ११ ग्रॅम. पाच किलो मेणात कागदावर ३१ नग होतात आणि त्यांना ३५० ग्रॅम तेल लागतं. प्रत्यक्षात भांड्याला चिकटलेलं, सांडलेलं, चाचणीला जाळलेलं धरून तेवढे कधीच होत नाहीत. एका पोत्यामागे विकण्याजोगे नग किती निघाले ते मोजा आणि खर्च त्यांच्यावर वाटा.

मग यादीत ग्लास, झाकण, वात, वातीची चकती, ती चिकटवायचं सामान, लेबल, इशाऱ्याचा स्टिकर, खोकं, आतलं कागदी भरण, आणि गॅस किंवा वीज. बघा, मेण यात सगळ्यात महाग नसतं. बहुधा ग्लास आणि सुवास मिळून अर्ध्याच्या पुढे जातात. त्यामुळे स्वस्त मेण शोधत हिंडण्यापेक्षा ग्लास एकाच आकाराचे आणि घाऊक घेतले तर जास्त वाचतं. मेणकाम सुरक्षेसाठी एकच ग्लास म्हणाल्या, हिशेबालाही तेच सोयीचं पडतं.

नंतर तुमचे तास. ओतणं, पुसणं, लेबल, बांधणी, गिऱ्हाइकाच्या निरोपांना उत्तरं, सगळं धरा. दुसऱ्या कोणाला हे काम दिलं असतं तर तासाला किती दिलं असतं तो दर लावा. हे सगळं जमलं की तो झाला खर्च. नफा त्याच्या वर.

आणि दुकानात ठेवायच्या असतील तर दुकानदार विक्रीच्या किमतीतला मोठा भाग घेतो, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. आज ओळखीत स्वस्त विकल्या आणि उद्या दुकानात तीच वस्तू दुप्पट किमतीला दिसली तर जुनं गिऱ्हाईक दुखावतं. म्हणून किंमत पहिल्या दिवसापासून अशी ठेवा की दुकानाचा वाटा दिला तरी तुमचे तास वसूल व्हावेत. ओळखीच्यांना सूट द्यायची तर द्या, पण पावतीवर मूळ किंमत लिहून मग सूट दाखवा.

काजवा

दोघींनाही मनापासून धन्यवाद. सगळं वहीत उतरवलंय. एकच ग्लास ठरवला, सरळ भिंतीचा. फुलं बंद.

दोन गोष्टी राहिल्या. शंभर नग करायचे तर छोट्या भांड्यात जीव जातो. मोठं पातेलं थेट गॅसवर ठेवून सगळं मेण एकदम वितळवलं तर चालेल का? आणि सुवास सध्या बारा प्रकारचे आहेत माझ्याकडे, लोकांना निवड आवडते. तेवढे ठेवू का?

मेणकाम

थेट गॅसवर नाही. मेण पाण्यासारखं उकळत नाही, त्यामुळे ते किती तापलंय ते नजरेला कळत नाही. तापत जातं, मग धूर सोडतं, आणि त्यापुढे वाफेनेच पेट घेतं. खालच्या भांड्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं, असं ठेवलं की पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही जात नाही. पाणी आटत नाही ना इकडे लक्ष ठेवायचं. जास्त मेण करायचं तर तापमान धरून ठेवणारं विजेवरचं मेण वितळवायचं भांडं मिळतं, खाली तोटी असलेलं. धंदा वाढला की ते घ्या. थर्मामीटर मात्र आजपासून, आणि मेण विस्तवावर असताना दारावरची बेल वाजली तरी आधी गॅस बंद.

मेणाने पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही. पाणी खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं मेण उडवतं. गॅस बंद, वर घट्ट बसणारं झाकण, आणि भांडं हलवायचं नाही. झाकण हाताशी ठेवूनच काम सुरू करा. जवळ कोरड्या पावडरचं अग्निशामक असू द्या. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात घट्ट होतं. भांडं कोमट असतानाच कागदाने पुसून घ्या.

सुवासांचं ऐका. प्रत्येक तेल वेगळं जळतं. काही जड असतात, त्यांना एक नंबर मोठी वात लागते. काही हलकी असतात, त्यांना तीच वात जास्त होते. व्हॅनिलाच्या वासातल्या व्हॅनिलिनने मेण दिवसागणिक पिवळं-तपकिरी होत जातं, ते वेगळंच. म्हणजे सुवास बदलला की ती नवी मेणबत्ती झाली आणि ती तळापर्यंत जाळून बघितल्याशिवाय विकायची नाही. बारा सुवास म्हणजे बारा वेळा हे सगळं. तीन ठेवा. तीन असे की डोळे मिटून खात्री देता येईल. निवड कमी म्हणून कोणी परत गेल्याचं मला आठवत नाही. मेणबत्ती नीट जळली की तीच माणसं परत येतात.

तेल घेताना विकणाऱ्याकडून त्याचं सुरक्षा पत्रक आणि इफ्राचं (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचं) प्रमाणपत्र मागा. त्यात मेणबत्तीसाठीचं प्रमाण बाराव्या वर्गात दिलेलं असतं. पत्रक देत नसेल तर ते तेल घेऊ नका. 'नैसर्गिक तेल आहे' हे उत्तर पुरेसं नाही, वनस्पतीतून काढलेली तेलंही त्रासदायक असू शकतात, घरात मांजर असेल तर जास्तच.

पार्सलपेटी

मी कारागिरांच्या वस्तू पाठवायचं काम करतो, म्हणून फक्त तेवढंच सांगतो. सोयामेण ५० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. उन्हाळ्यात सुट्टीच्या आदल्या दिवशी पार्सल टाकू नका, ते गोदामात पडून राहतं. झाकण चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे मेण मऊ झालं तरी बाहेर येणार नाही, आणि खोक्यावर वरची बाजू ठळक दाखवा. पहिलं खोकं भरलं की ते स्वतः कंबरेच्या उंचीवरून फरशीवर पाडा, एकदा कोपऱ्यावर, एकदा सपाट. आतला ग्लास शाबूत राहिला तरच तशी बांधणी पुढे चालू ठेवा.

लेबलवर तीन इशारे हवेतच: पेटती मेणबत्ती नजरेआड ठेवू नका, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा, मुलं आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागू देऊ नका. शिवाय वात कापूनच पेटवा आणि तळाला एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबा, हेही लिहा. इशारा ग्लासाच्या बुडाला चिकटवलेला बरा, खोकं लोक फेकून देतात. प्रत्येक ग्लासावर घाण्याचा क्रमांक टाका, म्हणजे तक्रार आली तर त्या दिवशीचं बाकीचं सगळं शोधता येतं. नोंदणी, कर, विमा हे जिथे राहता तिथे विचारून घ्या. आगीशी संबंधित वस्तू आहे, तेव्हा विम्याची चौकशी पहिल्या विक्रीच्या आधीच करा.

काजवा

पार्सलपेटी दादा, बुडाला चिकटवायचं हे सुचलंच नव्हतं. मेणकाम ताई, समारंभ दोन महिन्यांवर आहे. तिने सुवास माझ्यावर सोडलाय. हो म्हणू?

मेणकाम

उलटे दिवस मोजू या. तीन वेगवेगळ्या नंबरांच्या वाती घेऊन चाचणीचे ग्लास या रविवारी ओता. ते मुरायला दोन आठवडे. तुमच्या मापाचा ग्लास ४० तास चालतो असं धरलं तर चार-चार तासांच्या १० खेपा होतात. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी एकच खेप होईल, म्हणून १० दिवस. तिन्ही ग्लास एकाच वेळी जाळा, पण जवळजवळ नको, एकमेकांना तापवतात. इथपर्यंत २४ दिवस झाले. त्यात एक वात पास झाली तर शंभर नग ओतायला तीन-चार संध्याकाळी, मुरायला पुन्हा दोन आठवडे, बांधणीला दोन-तीन दिवस. दीड महिना होतो. हाताशी दोनच आठवडे उरतात आणि तिन्ही वाती नापास झाल्या तर पुन्हा २४ दिवस लागतील, तेवढे नाहीत.

म्हणून तीनऐवजी पाच वाती आणा आणि एकाच सुवासावर काम करा, शक्यतो हलक्या. तिला आज सांगा की पंचविसाव्या दिवशी पक्कं कळवेन, तोवर आगाऊ पैसे घेणार नाही. ग्लास मात्र आत्ताच शंभराहून थोडे जास्त मागवा, एकाच ठिकाणचे. नंतर तोच ग्लास मिळाला नाही तर केलेली सगळी चाचणी वाया जाते. पाचांतली एकही तळापर्यंत नीट गेली नाही तर तिला सुवास नसलेल्या, साध्या मेणबत्त्या सुचवा आणि त्याच रविवारी बिनतेलाचेही दोन-तीन ग्लास चाचणीला लावून ठेवा. तेल नसलं की वात जमवणं पुष्कळ सोपं जातं.

वहीतली पानं इथे टाकत जा, ज्योतीच्या उंचीसकट. आकडे बघून वातीचं सांगता येईल.